मुलांना लिहायची गोडी कशी लावावी? पालक आणि शिक्षक वारंवार विचारतात ते प्रश्न

इथे लेखन म्हणजे गोष्टी, कविता, खोटीखोटी पत्रं, नाटुकली, म्हणजे मूल स्वतःच्या मनातून काढून लिहितं ते सगळं. प्रश्नोत्तरांच्या वह्या यात धरलेल्या नाहीत. खालच्या बहुतेक प्रश्नांचं मूळ एकच असतं: मुलाला वाचक हवा असतो आणि त्याच्यासमोर परीक्षक येऊन बसतो.

मूल अजून अक्षरं गिरवतंय. आत्तापासून लेखनाचं काय घेऊन बसायचं?

गोष्ट रचायला अक्षरं यावी लागत नाहीत. मुलाने सांगावं, तुम्ही लिहावं. पथ्य एकच, ते जे बोलेल तेच लिहायचं. "मग वाघ बोल्ला मी नाय येनार" असं त्याने म्हटलं, तर कागदावर तेच यायला हवं. आपण त्याचं "वाघ म्हणाला, मी येणार नाही" केलं की गोष्ट आपली होते, त्याची राहत नाही. लिहून झालं की शब्दांवर बोट ठेवत वाचून दाखवा. आपण बोललेलं कागदावर राहतं आणि दुसऱ्या दिवशीही तसंच्या तसं वाचता येतं, याचं लहान मुलांना फार अप्रूप असतं.

तीन-चार वर्षांचं मूल नुसत्या रेघोट्या ओढत असेल तरी "काय लिहिलंयस? वाचून दाखव ना" असं विचारून बघा. बरीच मुलं न अडखळता वाचतात, आणि दर वेळी वेगळं.

मुलगी तोंडाने तासभर गोष्ट सांगते, पण वही समोर आली की दोन ओळींत "संपली" म्हणते. असं का?

कारण लिहिताना तिला एकाच वेळी चार-पाच कामं करावी लागतात. अक्षराचं वळण सांभाळायचं, जोडाक्षर आठवायचं, वेलांटी पहिली की दुसरी ते ठरवायचं, वाक्य कुठे थांबवायचं ते बघायचं, आणि हे चालू असताना चेटकिणीने पुढे काय केलं तेही डोक्यात धरून ठेवायचं. हात जिभेपेक्षा कितीतरी हळू चालतो. एक वाक्य लिहून होईपर्यंत पुढची तीन निसटून जातात. मोठ्यांना हा त्रास जाणवत नाही, कारण त्यांचा हात आपोआप चालतो.

म्हणून कामं वेगळी करा. आधी गोष्ट बोलून होऊ द्या. फोनवर रेकॉर्ड करून तिलाच ऐकवली तरी चालेल. मग चार चौकटी आखून चारच चित्रं काढायला सांगा: सुरुवात, भानगड, भानगड वाढली, शेवट. त्यानंतर लिहायला बसलं की काय घडणार हे लक्षात ठेवायचं ओझं कागदाने उचललेलं असतं. दमली तर मधला भाग तिने सांगावा, तुम्ही लिहावा आणि शेवट पुन्हा तिने लिहावा. यात काही फसवणूक नाही.

आणखी एक कारण आहे. कार्ल बेरायटर आणि मार्लीन स्कार्डामालिया या कॅनडातल्या संशोधकांनी मुलांच्या लेखनावर बरंच काम केलं. त्यांचं म्हणणं असं की मुलं बोलतात ती समोरच्याच्या प्रतिसादावर, आणि कागद काही प्रतिसाद देत नाही. गोष्ट ऐकताना आपण जो हुंकार देतो तो लिहिताना मिळत नाही. "झालं माझं" म्हणणाऱ्या मुलाला कोणतीही नवी कल्पना न पुरवता नुसतं "अजून थोडं लिही बघू" म्हटलं, तरी त्याच्याकडे लिहायला शिल्लक असतं असं त्यांना आढळलं. तेव्हा शेजारी बसा आणि ती थांबली की "बरं, मग?" एवढंच म्हणा. पुढे काय व्हावं ते मात्र सुचवू नका. मोह होतो, तो आवरा.

"काय लिहू? काही सुचतच नाही." काय सांगायचं?

"काहीही लिही, तुला आवडेल ते" हे ऐकायला उदार वाटतं, पण मुलासाठी सगळ्यात अवघड तेच. "माझा आवडता प्राणी" हाही तसाच विषय. त्यात भानगडच नाही, मग गोष्ट कुठून येणार? विषय जितका अरुंद आणि विचित्र, तितकं मूल लवकर सुटतं.

इटालियन बाललेखक जान्नी रोदारी मुलांसोबत एक खेळ खेळत असे. एकमेकांशी काही संबंध नसलेले दोन शब्द घ्यायचे आणि ते निरनिराळ्या तऱ्हेने जोडून बघायचे. हे शब्द दोघांनी, एकमेकांना न दाखवता निवडले तर उत्तम. मराठीत तर हा खेळ फारच रंगतो, कारण नुसता प्रत्यय बदलला की नवी गोष्ट समोर येते. समजा "छत्री" आणि "डॉक्टर" हे शब्द निघाले. छत्रीचा डॉक्टर, छत्रीतला डॉक्टर, डॉक्टरला घाबरणारी छत्री, छत्रीशिवाय बाहेर न पडणारा डॉक्टर. मुलाला यातलं एक निवडू द्या आणि विचारा, "याला आज सकाळी काय अडचण आली?" अडचण सापडली की बाकीचं ते स्वतः करतं.

नियम घालून देण्याचाही चांगला उपयोग होतो. गोष्टीत "आणि" हा शब्द एकदाही आणायचा नाही. पहिलं वाक्य क ने सुरू, दुसरं ख ने, तिसरं ग ने. (पाचव्या वाक्याला ङ येतो आणि सगळे हसायला लागतात. तिथून सुटायची पळवाट प्रत्येक मूल आपापली काढतं.) नियम पाळण्यात डोकं गुंतलं की "चांगलं लिहायचंय" ही धास्ती मागे पडते.

आणि दर वेळी गोष्टच कशाला हवी? नसलेल्या बेटाचा नकाशा, कपाटाने दाराला लिहिलेलं तक्रारपत्र, हरवलेल्या सावलीसाठी "शोधून देणाऱ्यास बक्षीस" अशी जाहिरात, राक्षसाच्या शाळेतल्या सूचना, कधीच उडू न शकणाऱ्या वस्तूंची यादी. गोष्टीला नाक मुरडणारी मुलं याद्या आणि सूचना मात्र हौसेने लिहितात.

शुद्धलेखनाच्या चुका दिसत असताना गप्प कसं बसायचं?

कायम गप्प बसायचं नाही, पहिल्या वाचनाच्या वेळी बसायचं.

लहान मूल "ज्ञान" ऐवजी "द्न्यान" किंवा "सिंह" ऐवजी "सिंव्ह" लिहितं, तेव्हा ते निष्काळजीपणा करत नसतं. आपण जो उच्चार करतो तो त्याने नीट ऐकला आणि उतरवला, इतकंच. भाषाशास्त्रज्ञ चार्ल्स रीड यांनी 1971 मध्ये इंग्रजी बोलणाऱ्या, शाळेत न गेलेल्या मुलांच्या अशाच मनाने लिहिलेल्या शब्दांचा अभ्यास मांडला. त्या चुकांमागे उच्चाराचं सुसंगत तर्कशास्त्र आहे, असं त्यांनी दाखवलं. मराठी मुलांच्या वह्या चाळल्या की तेच तर्कशास्त्र तिथेही दिसतं.

लाल पेनाचा खरा तोटा वेगळाच आहे. मूल हुशार असतं. "आश्चर्यचकित" लिहिताना चूक होते हे एकदा कळलं की पुढच्या वेळी ते "खूश" लिहितं. चुका कमी होतात, आपल्याला प्रगती झाल्यासारखी वाटते, आणि गोष्टीतून एकेक शब्द गळत जातो.

व्याकरण वेगळं घोटून घेतलं की लेखन सुधारेल, हाही समज तपासून बघण्यासारखा आहे. स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन यांनी 2007 मध्ये चौथी ते बारावीच्या विद्यार्थ्यांवर झालेल्या लेखनविषयक अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण केलं. त्यात सुट्या व्याकरणपाठांनी लेखनाचा दर्जा वाढल्याचं दिसलं नाही, उलट परिणाम थोडा उणेच निघाला. लेखनाचं नियोजन, पुनर्लेखन आणि सोबत्यांबरोबर लिहिणं यांचा मात्र फायदा दिसला.

मग दुरुस्ती कधी? लिहिलेलं दुसऱ्या कुणाच्या हाती जाणार असेल तेव्हा. पत्र पाठवायचंय, गोष्ट भिंतीवर लावायचीय, मित्राला भेट द्यायचीय, तर "वाचणाऱ्याला अडखळायला नको" हे कारण मुलाला मनापासून पटतं. तेव्हाही एका खेपेला एकाच प्रकारची चूक घ्या. आज फक्त पूर्णविराम, पुढच्या वेळी ऱ्हस्व-दीर्घ. आणि चूक शोधायचं काम त्याला द्या: "या पानावर उकाराच्या तीन चुका आहेत, सापडतात का बघ."

मुलाने लिहिलेलं वाचून झालं. आता काय बोलू? "छान" म्हटलं तरी त्याला पटत नाही.

नाहीच पटणार. "छान" न वाचताही म्हणता येतं, हे मुलांना ठाऊक असतं.

गोष्टीबद्दल बोला. कुठे हसू आलं, कुठे भीती वाटली, कोणता शब्द लक्षात राहिला ते नेमकं सांगा. "तो ससा दार न वाजवता खिडकीतून आला ना, तिथे मला कळलं की हा काहीतरी लपवतोय." अशा एका वाक्याने मुलाला समजतं की आपण लिहिलेलं दुसऱ्याच्या डोक्यात जाऊन काम करतं. मग खरोखर पडलेला एखादा प्रश्न विचारा. "त्या म्हाताऱ्याकडे किल्ली कुठून आली?" बऱ्याचदा उत्तर तयार असतं, फक्त लिहायचं राहिलेलं असतं, आणि मूल आपणहून वही ओढून घेतं. पुनर्लेखनाची सुरुवात अशी होते. "पुन्हा नीट लिहून काढ" म्हटल्याने ती होत नाही.

"यात वर्णन कमी आहे", "शेवटी बोध हवा होता" असली वाक्यं टाळा. बोधाचा तर विशेष राग येतो मला. सात वर्षांच्या मुलाची गोष्ट ड्रॅगनला शिंक येऊन संपत असेल तर ती तिथेच संपली.

रोज एक पान लिहिलं तर बक्षीस ठेवावं का?

ठेवू नये असं माझं मत आहे. 1973 मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीच्या वयातल्या, मुळातच चित्रं काढायची आवड असलेल्या मुलांवर प्रयोग केला. "चित्र काढलंस तर प्रमाणपत्र मिळेल" असं काही मुलांना आधी सांगितलं. काही दिवसांनी, बक्षिसाचा विषय नसताना, ती मुलं चित्रांत इतरांच्या साधारण निम्माच वेळ घालवत होती. ज्यांना न सांगता अचानक प्रमाणपत्र मिळालं त्यांच्यावर असा परिणाम दिसला नाही. म्हणजे गोष्ट आवडली म्हणून एखाद्या दिवशी नवी वही हातात ठेवली तर बिघडत नाही. सौदा केला की बिघडतं.

"रोज एक पान" हेही जरा जास्तच आहे. आठवड्यातून दोनदा दहा-पंधरा मिनिटं, तीही मूल आणखी लिहू पाहतंय अशा वेळी थांबवलेली, पुरेशी होतात.

तो कार्टूनमधलीच पात्रं घेऊन लिहितो. ही नक्कलच ना?

नक्कल आहे, आणि चालू द्या. तयार पात्र घेतलं की नाव, रूप, स्वभाव हे सगळं आयतं मिळतं, आणि मुलाला थेट "काय घडलं" याकडे वळता येतं.

ब्राँटे भावंडांचं, म्हणजे पुढे इंग्रजी लेखिका झालेल्या शार्लट, एमिली, ॲन आणि त्यांचा भाऊ ब्रॅनवेल यांचं उदाहरण फार बोलकं आहे. 1826 मध्ये वडिलांनी ब्रॅनवेलसाठी बारा लाकडी सैनिक आणले. मुलांनी एकेक उचलला. दहा वर्षांच्या शार्लटने आपल्या सैनिकाला त्या काळच्या सगळ्यात गाजलेल्या सेनापतीचं, ड्यूक ऑफ वेलिंग्टनचं नाव दिलं. म्हणजे नायक सरळसरळ बाहेरून उचललेला. त्या सैनिकांभोवती चौघांनी राज्यं, युद्धं, नियतकालिकं उभी केली. तळहातात मावतील अशा इवल्या पुस्तकांत, मुद्दाम छापील वाटेल अशा बारीक अक्षरात त्यांनी ती लिहिली. पुढे शार्लट आणि ब्रॅनवेल यांचं अँग्रिया, एमिली आणि ॲन यांचं गोंडाल अशी स्वतंत्र जगं झाली. यातली बरीच हस्तलिखितं आजही जपून ठेवलेली आहेत.

कंटाळा आला की मूल स्वतःच नावं बदलतं. फार तर एवढंच विचारा, "याला एखादी धाकटी बहीण असती तर ती कशी असती?"

तिच्या गोष्टींत सारखं कुणीतरी मरतं, रक्त सांडतं. काळजी करू का?

सहसा नाही. मुलांना मोठ्या गोष्टी लिहायच्या असतात आणि मरणाहून मोठं त्यांना काही ठाऊक नसतं. भीती कागदावर आणली की ती आपल्या ताब्यात राहते, हाही त्यातला आनंद आहे. मात्र एकच प्रसंग पुन्हापुन्हा, खेळकरपणा हरवून येत असेल, मारणारा किंवा मार खाणारा ओळखीचा माणूस वाटत असेल, किंवा सोबत झोप, भूक, वागणं बदललं असेल, तर गोष्टीचा विषय न काढता मुलाशी निवांत बोला आणि गरज पडल्यास समुपदेशकाला भेटा.

तिची डायरी वाचली तर चालेल का?

नाही. तिने दिली तर वाचा.

एकही गोष्ट पूर्ण करत नाही. वहीत नुसत्या सुरुवाती.

सुरुवाती लिहिणं हाही सराव आहे. मोठ्या लेखकांच्या खणांतही अर्धवट कागद असतातच. फार वाटलं तर कधीतरी उलटं करा: शेवटचं वाक्य तुम्ही द्या, तिथपर्यंत पोचायचं काम त्याचं.

आम्हाला स्वतःला लिहिता येत नाही. मुलाला काय शिकवणार?

शिकवू नका, सोबत लिहा. रशियन कादंबरीकार टॉलस्टॉय यास्नाया पोल्याना या आपल्या गावातल्या शाळेत शेतकऱ्यांच्या मुलांना शिकवत असे. त्याने एका म्हणीवर गोष्ट लिहायला सांगितलं, तर मुलांनी अंग काढून घेतलं. तुम्हीच लिहा म्हणाली. तो लिहायला बसला. मुलं मागून डोकावून वाचू लागली, मग चुका काढू लागली, मग "असं नाही, तो म्हातारा असं बोलणारच नाही" म्हणत गोष्टच त्यांनी ताब्यात घेतली. 1862 मध्ये त्याने यावर लेख लिहिला. लिहायला कुणी कुणाकडून शिकायचं, शेतकऱ्यांच्या मुलांनी आपल्याकडून की आपण त्यांच्याकडून, असा प्रश्नच त्याने त्याच्या शीर्षकात विचारला.

तुम्ही टॉलस्टॉय नसलात तर उलट बरंच. तुमचं लिखाण फसलेलं पाहून मुलाला धीर येतो. एक सामायिक वही ठेवा. एक परिच्छेद तुमचा, पुढचा त्याचा. तुमच्या परिच्छेदाचा शेवट नायकाला खड्ड्यात टाकून करा, बाहेर काढायला तो वही घेऊन धावेल.

घरी बोलतो तसंच लिहितो. प्रमाण मराठी कशी येणार?

पात्रं बोलतील ती घरच्या बोलीत बोलू द्या, ती जिवंत वाटतात. निवेदन कोणत्या भाषेत करायचं ते मूल वाचत जाईल तसं ठरवतं. प्रमाण भाषा शाळा, पुस्तकं, बातम्या अशी चहूकडून येतच असते. आजीच्या तोंडचा अस्सल शब्द मात्र एकदा "असं लिहायचं नसतं" म्हणून खोडला की मुलाकडून पुन्हा वहीत येत नाही. दोन भाषा मिसळून लिहिलं तरी पहिल्या खर्ड्यात हरकत नाही.

वाचनच आवडत नाही, मग लिहिणार कसा?

मोठ्याने वाचून दाखवा, मूल स्वतः वाचायला लागल्यावरही. गोष्ट कशी उलगडते, कुठे थांबते, संवाद कसे येतात हे कानातून आत जातं. आणि त्याने स्वतः लिहिलेलं त्याला नक्की वाचावंसं वाटेल. काही मुलांच्या वाचनाची सुरुवात तिथूनच होते.

असं मोकळं लिहायची सवय लागली तर परीक्षेतल्या निबंधाचे मार्क जातील का?

निबंध हा वेगळा खेळ आहे आणि त्याचे नियम वेगळे आहेत, हे मुलाला उघडपणे सांगा. चौथी-पाचवीच्या मुलाला ते सहज कळतं. आपल्या निबंधप्रकारांत तसा खजिनाही आहे. "सूर्य उगवलाच नाही तर" किंवा "फाटक्या छत्रीचं मनोगत" या मुळात धमाल कल्पना आहेत. गाईडमधलं तयार मनोगत पाठ केल्याने त्या मेल्या. छत्री नेमकी कुणाची, कशी फाटली आणि तिचं कुणाशी पटत नाही, एवढे तीन प्रश्न विचारले तरी निबंध बाकीच्या गठ्ठ्यातून वेगळा उठून दिसतो. तोच गठ्ठा तपासून कंटाळलेल्या शिक्षकांनाही ते बरं वाटत असावं.

लिहायचं म्हटलं की रडतो, हात दुखतो म्हणतो, अक्षर वाचताच येत नाही. आळस आहे का?

आळस म्हणायची घाई नको. वय वाढूनही अक्षरं सारखी उलटसुलट होणं, ओळीवर न राहणं, थोडं लिहूनच हात भरून येणं, आणि तोंडी मात्र उत्तम सांगता येणं, ही लेखन-अक्षमतेची, म्हणजे डिसग्राफियाची लक्षणं असू शकतात. तज्ज्ञांकडून तपासून घ्या. तोपर्यंत गोष्टी थांबवू नका. सांगून लिहवून घेणं, टाइप करणं, बोलून मजकूर उतरवणं, हे सगळं चालतं.

चॅटबॉट सेकंदात गोष्ट लिहून देतो. मग मुलाने कशाला लिहायचं?

त्याने लिहिलेली गोष्ट मुलाची नसते, हे मुलालाच सगळ्यात आधी कळतं. गोष्ट रचताना ससा खिडकीतून येईल की दारातून, हे ठरवण्यात मजा असते, आणि नेमकं तेच काम बाहेर दिलं जातं. शाळेचा गृहपाठ त्याच्याकडून उरकला जात असेल तर तो नियमांचा वेगळा प्रश्न आहे. आनंदासाठीच्या लेखनापासून निदान प्राथमिक वयात मी चॅटबॉट दूरच ठेवेन.

वर्गात चाळीस मुलं आहेत. एवढ्यांचं लेखन वाचायचं कधी?

सगळं तुम्हीच वाचायचं हे डोक्यातून काढा. फ्रेंच शिक्षक सेलेस्तँ फ्रेने याने 1924 मध्ये आपल्या खेड्यातल्या शाळेत छोटं छपाईयंत्र आणलं. मुलं हवं तेव्हा, हव्या त्या विषयावर लिहीत. वर्गासमोर वाचत. कोणता मजकूर छापायचा ते मतदानाने ठरे. मग सगळे मिळून तो सुधारत, छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवत आणि छापून दूरच्या दुसऱ्या शाळेला पाठवत. तिकडची मुलं उत्तरं पाठवत. दुरुस्तीची गरज शिक्षकाला सांगावी लागत नसे. ती छपाईच्या निमित्ताने आपोआप पुढे येई.

यंत्राशिवायही हे जमतं. जोड्या करून एकमेकांना वाचून दाखवणं, ऐकणाऱ्याने एक आवडलेलं वाक्य आणि एक प्रश्न सांगणं, आणि महिन्यातून एक चार पानी हस्तलिखित, ज्याचं संपादक मंडळ दर वेळी बदलतं. तुम्ही आठवड्याला सात-आठच वह्या घ्या, पण त्या नीट वाचा आणि समासात वाचक म्हणून एक ओळ लिहा. ज्याला आपलं लिखाण द्यायचं नसेल त्याच्यावर जबरदस्ती नको. त्याला मुखपृष्ठ रंगवायला किंवा पानं शिवायला घ्या आणि पुढच्या अंकाच्या वेळी पुन्हा विचारा.